मुंगीच्या घरातला जुना हेडफोन

"आधी पूर्ण ऐकून घ्यायचं. मधे तोडायचं नाही. आणि समोरचा माणूस गप्प झाला, तर त्याचा श्वास ऐकायचा. रागावलेल्याचा वेगळा असतो, रडवेल्याचा वेगळा. नीट ऐकलं की कळतं."

हे शब्द शिकवणाऱ्या बाईंचे. एका मोठ्या दालनात ओळीने मांडलेल्या खुर्च्यांमधून त्या हळूहळू फिरत, आणि नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला हेच सांगत. त्या दिवशी समोर बसलेल्यांपैकी एकीच्या डोक्यावर मी पहिल्यांदा चढलो होतो. तिने ते वाक्य वहीत लिहून घेतले. मला लिहिता येत नाही. मी ते नुसते धरून ठेवले.

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. दोन कान, डोक्यावरून जाणारी एक पट्टी, आणि डाव्या कानापासून तोंडापर्यंत येणारी एक काडी. काडीच्या टोकाला माझा माइक आहे. दुसऱ्याचे बोलणे मी कानात सांगतो आणि कानाच्या मालकिणीचे बोलणे दुसरीकडे पोचवतो. माझे स्वतःचे असे बोलणे मला नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे एकदा मला त्याचे फार वाईट वाटले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या एका बाईने केसासारख्या तारा माझ्या पोटात जोडल्या. मग मला स्वतःच्या कानाला लावून ती "एक, दोन, तीन, चार" म्हणाली, आणि मान हलवून खोक्यात ठेवले. माझ्या पोटात एक चिमुकला भाग होता. त्याचे काम चहाच्या गाळणीसारखे. बोलणाऱ्याचा आवाज तेवढा पुढे जाऊ द्यायचा, भोवतालचा गोंगाट चोथ्यासारखा मागे ठेवायचा. त्या गाळणीचा मला मोठा अभिमान होता.

कामाची पहिली वर्षे सुखाची गेली. कपडे धुण्याच्या यंत्रांच्या तक्रारी ऐकायचे काम होते ते. यंत्र थरथरते, यंत्र पाणी सोडते, यंत्राने नवऱ्याचा सदरा खाल्ला. लोक चिडून बोलायला लागत आणि निवळून फोन ठेवत. "तुमचा आवाज कसा अगदी शेजारी बसल्यासारखा येतो हो," असे एक आजोबा म्हणाले होते. माझी मालकीण हसली, आणि मीही मनातल्या मनात फुगलो. दिवस संपला की ती मऊ कापडाने माझे कान पुसून ठेवायची. वायर कधी ओढायची नाही, टोकाला धरून काढायची.

मग एक वर्ष असे आले की कंपनीने सगळ्यांना आपापल्या घरून काम करायला सांगितले. मालकिणीबरोबर मीही घरी आलो. तिथे मला कळले की तिला 'आई' म्हणतात. तेव्हापासून मीही तिला आईच म्हणतो.

म्हणणारी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. जन्मली तेव्हा अगदी एवढीशी होती म्हणून तिचे नाव पडले मुंगी. अंगाने मुंगी, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर बघायचा. तिचे बाबा ती दोन वर्षांची असताना वारले. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, आणि रोज सकाळी आई त्याच भिंतीकडे तोंड करून, हात जोडून, डोळे मिटून बसते. ओठ हलतात, आवाज येत नाही. आंघोळीनंतरचा तो तिचा नेम. एक दिवस चुकलेला मी पाहिला नाही.

एके दुपारी मुंगीने मला आंघोळ घातली. बाहुली झाली, बाहुलीचा घोडा झाला, मग माझी पाळी. साबण लावून, बादलीत बुचकळून, टॉवेलात गुंडाळून तिने मला आईच्या हातात दिले. आईने मला उलटे धरून पाणी निथळवले. चार दिवस मी खिडकीत वाळत पडलो. दुरुस्तीवाल्या काकांनी मला उघडून फुंकर मारली आणि म्हणाले, "वाचलाय. पण गाळणी गेली बघा. ऐकू येईल. जरा जास्तच येईल."

खरेच जास्त येऊ लागले. नळाची टपटप, शिंप्याच्या यंत्राची घरघर, मुंगीचे गुणगुणणे, सगळे मी आईच्या आवाजाबरोबर पलीकडे पोचवू लागलो. "मॅडम, तुमच्याकडे पाहुणे आलेत का?" असे लोक विचारू लागले. मला लाज वाटायची. आई मात्र म्हणायची, "चालेल रे बाबा. तूही माझ्यासारखाच. सगळं घर डोक्यावर घेऊन बसलायस."

त्याच सुमारास मुंगीला दम्याचा त्रास सुरू झाला. धुळीने, थंडीने, धावल्याने, कधी काही कारण नसतानाही. तिची छाती शिट्टीसारखी वाजू लागायची, खांदे वर उचलले जायचे. मग तोंडाशी धरून दाबायचा एक निळा पंप असे. तो आधी खडखड हलवायचा, मग दाबायचा. फुस्स. थोडे थांबून पुन्हा फुस्स. आई जवळ असली की पाच मिनिटांत सगळे ठीक व्हायचे. आई जवळच असायची. म्हणून चार वर्षे निभावली.

मग कंपनीचे पत्र आले. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सर्वांनी कार्यालयात हजर राहावे.

कार्यालयाला जायला दीड तास, यायला दीड तास. मुंगीची शाळा अर्ध्या दिवसाची, आणि त्रास वाढला की तीही नाही. आईने साहेबांना विचारले. साहेब गोड बोलले. माझ्या कानातून ते मीच पोचवले. "तुमची अडचण मी समजू शकतो हो. पण एकीला सूट दिली की उद्या दहा जणी उभ्या राहतात."

त्या दिवशी आईने दुसरा नेम धरला. रोज सकाळी एक अर्ज. काम पूर्णपणे घरून असेल, अशाच जागेसाठी. अर्ज गेल्याशिवाय चहा घ्यायचा नाही.

मित्रांनो, एवढी साधी गोष्ट शोधायला इतकी कठीण असेल असे मला वाटले नव्हते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असे, घरबसल्या काम. खाली बारीक अक्षरांत असे, पहिले सहा महिने कार्यालयात. एका जाहिरातीत घरून काम होते, पण घर कार्यालयाच्या शेजारी हवे होते. एकात सोमवार, बुधवार आणि शुक्रवार सोडून घरून काम होते. आई ते मोठ्याने वाचायची आणि मुंगीला सांगायची, "बघ, मंगळवारी आणि गुरुवारी तुला आई आहे." दोघी हसायच्या. पहिल्या आठवड्यात हसायच्या.

पुढे पुढे अर्ज जाई, आणि तीन-तीन दिवस काहीच येत नसे. कधी दोन ओळी येत. आम्ही अन्य उमेदवाराची निवड केली आहे. कधी मुलाखत ठरे. मग आई केस विंचरायची, वरून चांगला सदरा घालायची, खाली घरातलेच कपडे, आणि मला डोक्यावर चढवायची. पहिला प्रश्न असे अनुभवाचा. दुसरा किंवा तिसरा असे, "कामाच्या वेळात घरी लहान मूल असतं का?"

आई खरे सांगायची. "आहे. आठ वर्षांची मुलगी आहे. पण ती त्रास देत नाही."

"हो का? छान. आम्ही कळवतो."

एका ठिकाणी तर कॅमेरा फिरवून खोली दाखवायला सांगितले. कामाला वेगळी खोली हवी, तिला दार हवे, असा त्यांचा नियम होता. आमचे घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. त्या संध्याकाळी आईने भिंतीजवळचे लाकडी कपाट सरकवत सरकवत खोलीच्या मधोमध आणले. अलीकडे टेबल, लॅपटॉप आणि मी. पलीकडे खाट आणि मुंगी. कॅमेऱ्यात बघितले तर मागे कपाटच दिसे, जणू खोली तिथेच संपते.

मग आईने मुंगीला समोर बसवले. "हे बघ. मी हेडफोन लावला की तू अगदी गप्प राहायचं. हूं नाही की चूं नाही. जमेल?"

"किती वेळ?"

"मी काढेपर्यंत."

"आणि धाप लागली तर?"

आईने एका लाल कागदाची चिठ्ठी केली. "ही कपाटाखालून माझ्या पायाकडे सरकव. मी लगेच येईन."

"वचन?"

"वचन. आणि तुझं?"

"माझं पण," मुंगी म्हणाली, आणि आईच्या हातावर हात मारला. तो हात मारल्याचा आवाज मी ऐकला. त्यानंतर बरेच दिवस त्या घरात तेवढा मोठा आवाज झाला नाही.

पुढच्या मुलाखतीत मूल आहे का असे विचारले, तेव्हा आई क्षणभर थांबली. मग ती म्हणाली, "नाही." आणि तो 'नाही' मी पलीकडे पोचवला. तेच माझे काम होते.

मुलाखत फार चांगली चालली होती. पलीकडचे गृहस्थ "कधीपासून येऊ शकाल, म्हणजे, बसू शकाल?" असे विचारून स्वतःच हसले. तेवढ्यात कपाटाखालून लाल चिठ्ठी आली. आईने मान वळवली, ती उठली, एक हात माझ्या काडीवर घट्ट धरून पलीकडे गेली आणि दुसऱ्या हाताने पंप दाबला. पण गाळणी नसलेला मी. तिच्या बोटांच्या फटीतून मला सगळे ऐकू आले, आणि मी ते पोचवले. खडखड. फुस्स.

"कसला आवाज?" गृहस्थ म्हणाले.

"काही नाही सर. शेजारचं मूल आहे. भिंत पातळ आहे आमची."

"बरं. कळवतो आम्ही."

आईने मला काढून टेबलावर ठेवले. मग कपाटाच्या कडेने मुंगीचे डोके आले.

"आई, मी शेजारची आहे?"

आईने तिला ओढून मांडीवर घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हात जोडून बसली, पण तिचे ओठ हलले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. नेम चालू होता, पण सांगायला तोंड राहिले नाही, असे काहीसे मला वाटले.

नंतर मुंगीची मावशी आली. आईची ती थोरली बहीण. दुसऱ्या गावात राहते, घर मोठे आहे, मुले मोठी झाली आहेत. बोलणे सुरीसारखे, आणि पिशवीत सगळ्यांसाठी काही ना काही. आईसाठी तिने नवा कोरा हेडफोन आणला होता. वायर नसलेला, काळा, चकचकीत.

"तो डबडा फेक आधी," मावशी माझ्याकडे बोट करून म्हणाली. "दुकानदार सांगत होता, ह्यात फक्त तुझाच आवाज जातो. मागे घर पेटलं तरी समोरच्याला कळायचं नाही."

"ताई, कशाला आणलास?"

"मग काय करू? आरशात बघितलंस का स्वतःला? बरं, ते राहू दे. पहिली तारीख आली. काय ठरवलंस?"

"शोधतेय ना."

"शोध. मी कुठे नको म्हणते? पण मुंगीला दे माझ्याकडे. तुझं बस्तान बसलं की घेऊन जा."

"मी तिला कबूल केलंय, कुठे पाठवणार नाही म्हणून."

"आणि ऑफिसात काय, टेबलाखाली बांधून ठेवणार आहेस? धाकटे, अगं मी काही सावत्र नाही. तिला भरवीन, शाळेत घालीन, पंप देईन. पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येते. तोवर मिळाली तुला घरची नोकरी, तर मी तशीच रिकामी जाईन आणि खूश होऊन जाईन."

संध्याकाळी खाटेखालून एक पिशवी निघाली आणि तीत मुंगीचे कपडे जाऊ लागले. रोज दोन-दोन. एकदम भरायला आईचा हात धजत नव्हता.

मला आईने फेकले नाही. कपाटाच्या मागच्या अंगाला, मुंगीच्या बाजूला, एक खिळा होता. तिथे मला टांगले. कानांवर धूळ बसू लागली. वायर कोणी गुंडाळली नव्हती, ती लोंबत राहिली. नव्याचे कौतुक मी कपाटापलीकडून ऐकत होतो. मित्रांनो, अडगळ झाल्याचे दुःख तुम्ही पुष्कळ जुन्या वस्तूंकडून ऐकले असेल. माझे दुःख त्याहून वेगळे होते. त्या खिळ्यावरून मी पहिल्यांदाच कपाटाची दुसरी बाजू बघितली.

त्या बाजूला कपाटाच्या लाकडावर पेन्सिलीने मुंग्या काढलेल्या होत्या. आईच्या प्रत्येक अर्जाला एक मुंगी. खालून वर चाललेली रांग होती ती. प्रत्येक मुंगीच्या डोक्यावर एक छोटा कागद.

आणि मुंगी आवाज न करण्याचा सराव करत होती. पुस्तकाचे पान ती आधी ओठांनी ओले केलेल्या बोटाने उचलायची आणि हवेत धरून हळूच खाली ठेवायची. बिस्किटाचा पुडा उशीखाली धरून उघडायची. शिंक आली की नाक दाबून, डोळे घट्ट मिटून ती आत जिरवायची, मग तिचे कान लाल व्हायचे. एकदा तिने पंप घेतला आणि उशीखाली दाबून बघितला. फुस्स. मग रजईत गुंडाळून दाबला. फुस्स. मग कपड्यांच्या पिशवीत आत खोल घालून. तरी फुस्स आलेच. ती पंपाकडे बघत बसली. मग झाकण लावून तिने तो बाजूला ठेवला, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी ठरले.

मी ते बघितले. मला सांगायचे होते. ऐकायला दोन कान आहेत, पोचवायला माइक आहे, पण माझी वायर जमिनीवर लोळत होती आणि तिचे दुसरे टोक कशातच नव्हते. तुम्हांला कधी सगळे कळते आहे आणि सांगता येत नाही, असे झाले आहे का? तसा मी सहा दिवस टांगून होतो.

शुक्रवार उजाडला. महिन्यातली शेवटची मुलाखत त्या दिवशी होती. दवाखान्यांमध्ये येणाऱ्या रुग्णांना फोनवर वेळ ठरवून देण्याचे काम, पूर्णपणे घरून. ती जाहिरात आईने तीनदा वाचली होती, बारीक अक्षरांसकट. दगाफटका नव्हता. मात्र रात्रीपासून वीज नव्हती. लॅपटॉपात थोडे चार्जिंग शिल्लक होते, मोबाइलवरून इंटरनेट चालणार होते, पण नवा हेडफोन रात्री लावून ठेवलेला तसाच, उपाशी. कळ दाबली तर डोळाही उघडेना.

आई कपाटाच्या मागे आली. पदर नव्हता म्हणून सदऱ्याच्या बाहीने तिने माझी धूळ पुसली. तिचे हात गार होते.

"तूच रे बाबा," ती म्हणाली. मग मुंगीकडे वळली. "मुंगे, आज शेवटचं. आज फक्त."

मुंगीने मान हलवली. पंप तिच्या मांडीत होता, लाल चिठ्ठी मुठीत. तिचे खांदे थोडे उचललेले मला दिसले. आईची नजर घड्याळावर होती.

पलीकडे एका बाईंचा आवाज आला. संथ, थोडा बसलेला. त्यांनी घाई केली नाही. चिडलेल्या माणसाशी कसे बोलता, रुग्ण चुकीची तारीख सांगत असेल तर काय करता. आई छान उत्तरे देत होती. पूर्वीच्या त्या आजोबांना ऐकू गेला होता तसा आवाज लागला होता तिचा. मग तो प्रश्न आलाच.

"कामाच्या वेळात घरी कोणी असतं? लहान मूल वगैरे?"

"नाही," आई म्हणाली.

आणि मला श्वास ऐकू येऊ लागला. आईचा नव्हे. आईचे कान मीच झाकलेले होते. तिला फक्त पलीकडच्या बाई ऐकू येत होत्या. पण माझा माइक उघडा होता आणि गाळणी चार वर्षांपूर्वीच बादलीत गेलेली होती. कपाटाच्या पलीकडून येणारी ती बारीक शिट्टी मी धरली. आत घेताना लांब, सोडताना तुटक. मध्येच दबलेली, तळहात तोंडावर ठेवल्यासारखी. मला माझे बोलणे नाही, मित्रांनो. मी एवढेच केले. जे आले ते सगळे पुढे पाठवले.

आई बोलत होती. पलीकडच्या बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "थांबा. जरा बोलू नका."

आई थांबली. तिला वाटले, संपले.

"तुमच्या मागे कोणीतरी आहे," त्या बाई म्हणाल्या. "लहान मूल आहे. त्याला धाप लागलीये आणि ते तोंड दाबून बसलंय. आधी जा. फोन ठेवू नका, पण जा."

आईने मला ओरबाडून काढले. मी टेबलावरून खाली पडलो, काडी फरशीला टेकली, माइक तसाच चालू. कपाटाखालच्या फटीतून मला मुंगीचे पाय दिसत होते. अंगठे आत वळलेले. मग आईचे गुडघे जमिनीवर आले.

"हात काढ. मुंगे, हात काढ तोंडावरचा. बघ माझ्याकडे." खडखड. फुस्स. "सोड. आता पुन्हा." फुस्स. "घे. घे अजून. आहे मी."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. शिट्टी हळूहळू लांब झाली, मग पातळ झाली. मुंगीच्या मुठीतली लाल चिठ्ठी घामाने भिजून चोळामोळा झाली होती. ती खाली पडली.

"का नाही दाबलास पंप? मांडीत होता ना तुझ्या?"

मुंगी तुटक तुटक बोलली. "आवाज... होतो ना त्याचा."

"आणि चिठ्ठी?"

"मग तू... आली असतीस." थोडा श्वास घेऊन ती म्हणाली, "मग परत शेजारचं मूल झालं असतं."

त्यानंतर आई रडली. मी इतकी वर्षे तिच्या गालाशी होतो, पण तिचे असे रडणे मी कधी ऐकले नव्हते. तोंड न दाबता, मोठ्याने. खालच्या शिंप्याचे यंत्र थांबले.

बऱ्याच वेळाने तिने मला उचलले. फोन केव्हाच बंद झाला असेल, अशा समजुतीने ती वायर काढायला लागली, तेवढ्यात माझ्या कानातून आवाज आला.

"कसं आहे आता?"

आईने मला घाईने कानाला लावले. "तुम्ही अजून आहात?"

"मधे तोडायचं नाही, असं शिकलेय मी कामाच्या पहिल्याच दिवशी," त्या बाई म्हणाल्या. "आता कसं आहे?"

"बरं आहे. ओठांवर रंग आलाय. मी खोटं बोलले. माझी मुलगी आहे. आठ वर्षांची. दमा आहे तिला. तिच्यासाठीच घरून काम हवंय, आणि तीच नाही असं सांगत फिरतेय मी."

"ऐकलं मी सगळं. हेडफोन जुना दिसतोय तुमचा."

"हो. नवा चार्ज झाला नव्हता."

"बरं झालं."

दोघींचे श्वास मी इकडून तिकडे नेत राहिलो.

"हे बघा," त्या बाई म्हणाल्या, "आत्ता मी काही कबूल करत नाही. तुम्ही मूल नाही म्हणालात, ते मला लिहावं लागेल. जागा एकच आहे आणि अजून दोघींशी बोलायचंय मला. पण आपलं बोलणं अर्धं राहिलंय. उद्या अकराला पुन्हा लावा. आणि मुलीला समोर बसवा तुमच्या. पंप वाजला तर वाजू दे. दवाखान्याचंच काम आहे हे, कोणी दचकणार नाही."

फोन संपला. मुंगी आईच्या खांद्याला चिकटून उभी होती.

"मिळाली?"

"नाही अजून."

"मग रविवारी मावशी?"

भरत आलेल्या पिशवीकडे दोघींनी एकदमच बघितले.

"आई, कपाट परत भिंतीला लावशील? मला तू दिसत नाहीस तिकडून."

"लावते."

"वचन?"

"उद्या अकराच्या आत," आई म्हणाली.

मित्रांनो, माझी गोष्ट इथपर्यंत आली आहे. उद्याचे मला माहीत नाही. ज्या बिघाडापायी मी वर्षानुवर्षे मान खाली घालून होतो, तोच त्या दिवशी कामाला आला, याचा मला गर्व वाटत नाही. गाळणी शाबूत असती तर काय झाले असते, हा विचार मनात आला की माझ्या तारा गार पडतात. तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, जरा खरखरणारी, नको तेवढे ऐकवणारी, तर तिला एकदम टाकून देऊ नका. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुम्हांला कोणी गप्प राहायला सांगितले असेल आणि तुम्ही कबूलही केले असेल, तरी श्वास अडला, कुठे दुखले, भीती वाटली, तर ते वचन खुशाल मोडा. पंप दाबा. हाक मारा. कामे बुडतात ती बुडू द्या. आणि ही गोष्ट तुम्हांला कोणी मोठे माणूस वाचून दाखवत असेल, तर त्यालाही माझे एक सांगा. घरात फार शांतता झाली, की एकदा उठून बघून यायचे.

आज शनिवार. सकाळ नुकतीच झाली आहे. वीज आली आहे आणि नवा हेडफोन आपला हिरवा डोळा मिचकावतो आहे, पण आईने टेबलावर मला ठेवले आहे. आंघोळ करून ती भिंतीकडे तोंड करून बसली. बऱ्याच दिवसांनी तिचे ओठ हलले. चहा अजून घेतलेला नाही.

मुंगी झोपली आहे. श्वास सरळ चालू आहे. मी मोजून बघितला.

आई कपाट रिकामे करते आहे. आधी पुस्तके, मग चादरी, मग वरच्या कप्प्यातले डबे, एकेक करून खाटेच्या कडेला, भांड्याला भांडे लागू न देता. मग वाकून तिने एक जुनी चादर घडी घालून कपाटाच्या पायांखाली सरकवली, फरशीवर घासल्याचा आवाज होऊ नये म्हणून. मग ती मागच्या बाजूला गेली, आणि थबकली. खालून वर चाललेली ती मुंग्यांची रांग तिने आजच बघितली. शेवटच्या मुंगीच्या डोक्यावर कालचा कागद होता.

मग एकाही मुंगीवर पडणार नाही असा तळहात तिने जरा वर टेकवला, आणि कपाटाला खांदा लावला.